सहा सिटिंगचे पॅकेज आणि दोन बोटांची मात्रा

दोन वर्षांपूर्वी मला चाळिशी लागली. वह्या तपासण्यासाठी घेतलेला तो चष्मा एका सकाळी डोळ्यांवर तसाच राहिला, मी आरशासमोर गेले आणि कित्येक वर्षांनी मला माझा चेहरा नीट दिसला. जवळचे अंधूक दिसू लागण्याचे वय आणि डोळ्यांच्या कडांना रेघा उमटण्याचे वय निसर्गाने एकच ठेवले आहे, यात त्याची काहीतरी दया असावी. चष्मेवाल्याने ती सातशे रुपयांत काढून घेतली. रेघांचे मला फारसे वाटले नाही, कारण आमच्या घरातल्या सगळ्याच बायका पन्नाशीच्या आत सुरकुतल्या आहेत आणि त्यांपैकी एकीचेही त्यामुळे काही अडलेले नाही. परंतु उजव्या गालावर, डोळ्याखालून कानशिलाकडे जाणारा, सांडलेल्या चहाच्या डागासारखा एक पट्टा होता आणि डाव्या गालावर तो जवळजवळ नव्हता. त्याच आठवड्यात म्हार्दोळच्या देवळात भेटलेल्या नात्यातल्या एका मावशींनी ‘तोंड कितें काळें पडलां तुजें!’ अशी चारचौघांत चौकशी केली, भाच्याचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते, आणि मी फोंड्यातल्या एका पार्लरमध्ये जाऊन ‘अँटी-एजिंग फेशियल’चे सहा सिटिंगचे पॅकेज घेतले.

हे परीक्षण मुख्यतः त्या पॅकेजचे आहे. मात्र ते फसल्यानंतर ज्या उपायांनी थोडाफार गुण आला त्यांच्याशी तुलना केल्याखेरीज ते पुरे होणार नाही, म्हणून त्यांचीही हकीकत ओघाने येईल. पार्लरचे नाव लिहिण्याचे कारण नाही. असली पॅकेजे गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळीकडे मिळतात आणि त्यांत होते तेही सगळीकडे साधारण सारखेच.

प्रथम जे चांगले होते ते सांगते. जागा स्वच्छ होती, टॉवेल दर गिऱ्हाइकाला वेगळे होते, दिलेली वेळ पाळली जात होती आणि मालकीणबाई मृदुभाषी होत्या. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘टीचर’ म्हणत, कारण त्यांची मुलगी कधीकाळी आमच्या शाळेत होती. एका सिटिंगचे एरवी अठराशे रुपये पडतात, पॅकेजमध्ये ते चौदाशेला पडले, म्हणजे एकूण चौऱ्याऐंशीशे रुपये आगाऊ. सव्वा तासाच्या त्या कार्यक्रमात क्लेन्सिंग, स्क्रब, वाफ, नाकावरचे ब्लॅकहेड काढणे, वीसेक मिनिटांचा मसाज आणि शेवटी सोनेरी रंगाचा, रबरासारखा सोलून निघणारा पॅक असा क्रम असे. मसाज उत्तम होता. सकाळी सातपासून उभ्याने शिकवणाऱ्या बाईच्या मानेवरून आणि खांद्यांवरून कोणी वीस मिनिटे सफाईने हात फिरवत असेल, तर तिला त्या वेळी चेहऱ्याचे काय होते आहे याची फारशी फिकीर राहत नाही, आणि या धंद्याचा निम्मा पाया याच गोष्टीवर उभा असावा असे मला वाटते.

पहिल्या सिटिंगनंतर तोंडावर खरोखरच तुकतुकी आली. लग्नाच्या फोटोंत ती दिसते. परंतु हिशेब ठेवण्याची मला खोड असल्यामुळे मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, घराच्या उत्तरेकडच्या एकाच खिडकीपाशी उभी राहून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने दोन्ही गालांचे फोटो काढायला सुरुवात केली होती. त्या फोटोंत पहिल्या महिन्यात आणि चौथ्या महिन्यात काहीही फरक नाही. तुकतुकी तीन दिवस टिकते, चौथ्या दिवशी ओसरते. स्क्रबने वरचा मृत पेशींचा थर निघतो, वाफेने आणि पॅकने त्वचा पाणी धरते, मसाजाने रक्त पृष्ठभागाकडे येते आणि सकाळची सूज उतरते. यांतले काहीही खोटे नाही, मात्र यांतले काहीही आठवडाभरसुद्धा टिकणारे नाही.

जे टिकाऊ म्हणून सांगितले जाते त्याची गोष्ट वेगळी आहे. पॅकमध्ये कोलेजन असल्यामुळे ते ‘आत जाऊन’ त्वचा घट्ट करते असे मला सांगण्यात आले. कोलेजन हे त्वचेच्या आतल्या थराला ताण देणारे प्रथिन आहे हे बरोबर, आणि वय वाढते तसे ते कमी होते हेही बरोबर. पण त्याच्या रेणूचे वजन सुमारे तीन लाख डाल्टन असते आणि आपली त्वचा साधारण पाचशे डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहजासहजी आत घेत नाही. उंबऱ्यातून हत्ती आत आणण्याचा हा प्रकार आहे. वरून लावलेले कोलेजन पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवते आणि चेहरा धुतला की न्हाणीत वाहून जाते. मालकीणबाई यात लबाडी करत होत्या असे मी म्हणणार नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांना जे शिकवले तेच त्या मला शिकवत होत्या, आणि त्यांची स्वतःचीही त्यावर श्रद्धा होती.

बिघडले ते चौथ्या सिटिंगला. एप्रिल महिना होता, मालकीणबाई नव्हत्या, आणि मदतनीस मुलीने ‘टॅन फार झाला आहे टीचर’ म्हणून न विचारता ब्लीच लावले आणि त्यावर नेहमीचे स्क्रबही घासले. गाल दोन दिवस भाजल्यासारखे चुणचुणत राहिले, आणि पंधरा दिवसांनी उजव्या गालावरचा पट्टा आधीपेक्षा गडद झालेला होता. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला कसलीही इजा झाली, मग ती पुळी फोडल्याची असो, भाजल्याची असो की घासल्याची, तर ती भरून येताना मागे काळा डाग ठेवते; म्हणजे डाग जावा म्हणून त्याला घासत राहणे हे त्याला खतपाणी घालण्यासारखेच आहे. त्याच मुलीने जाता जाता घरी लिंबाची फोड चोळायचा सल्लाही दिला होता. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर तिथे फोड येऊन महिनोन्‌महिने राहणारे डाग पडू शकतात, त्यामुळे हा सल्ला निदान गोव्यात तरी कोणी कोणाला देऊ नये.

मी तक्रार केल्यावर मालकीणबाईंनी दिलगिरी दाखवली आणि साडेतीनशे रुपयांची एक पांढरी डबी माझ्यापुढे ठेवली. डबीवर कंपनीचे नाव नव्हते, घटक नव्हते, तारीख नव्हती. ‘आठ दिवसांत फरक’ एवढेच तोंडी आश्वासन होते, आणि नेमके तेच ऐकून मी ती घेतली नाही, कारण अशाच एका डबीने आमच्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेचा चेहरा बिघडवलेला मी जवळून पाहिला होता. आठ दिवसांत गोरे करणाऱ्या मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. ते लावताच लाली जाते, त्वचा मऊ व उजळ दिसते, आणि बंद करताच चेहरा लालबुंद होऊन आग होऊ लागते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. वर्षभरात त्वचा पातळ होते, गालांवर केशवाहिन्यांची जाळी दिसू लागते, हनुवटीवर लव वाढते. आपल्या देशात हा प्रकार इतका माजला की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून ती औषधांच्या अनुसूची एचमध्ये घातली. नाव नसलेल्या डबीला अर्थात कोणतीच अनुसूची लागू पडत नाही. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडाला बाधतो, ही धास्ती वेगळीच.

दोन सिटिंग शिल्लक ठेवून मी पॅकेज तिथेच थांबवले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याआधी, पणजीला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांची फी सातशे रुपये होती, म्हणजे एका सिटिंगच्या बरोबर निम्मी. (ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाही त्यांच्यासाठी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, रांग असते, पण तपासणी तीच.) बाईंनी भिंगातून दोन्ही गाल पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला तो असा: ‘गाडी तुम्ही स्वतः चालवता का?’

मी गेली अकरा वर्षे रोज फोंड्याहून पणजीला गाडीने जाते आणि दुपारी दोनच्या सुमारास परतते. रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ, फर्मागुडी असा तो तीसेक किलोमीटरचा रस्ता आग्नेयेकडे येतो, म्हणजे पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत दुपारचा कललेला सूर्य नेमका माझ्या उजव्या हाताच्या खिडकीत असतो. गाडीत एसी असल्यामुळे ऊन लागते आहे असे मला कधी जाणवले नव्हते. बाईंनी समजावले की त्वचा भाजवणारे अतिनील बी किरण काच बऱ्याच अंशी अडवते, पण त्वचेच्या आत खोल जाऊन कोलेजन तोडणारे आणि डाग गडद करणारे अतिनील ए किरण बाजूच्या साध्या काचेतून बरेचसे आत येतात. समोरची काच दोन थरांची असल्याने ती ते पुष्कळ अडवते. बाजूची तशी नसते. शिवाय हे किरण उष्ण लागत नाहीत, त्यामुळे ते येत आहेत हे कळायला मार्ग नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले होते. अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक. मी घरी येऊन ते चित्र शोधले, शेजारी स्वतःचे फोटो ठेवले, आणि मग बाईंची चिठ्ठी मन लावून वाचली.

चिठ्ठीत अवघ्या चार गोष्टी होत्या: साधे सौम्य फेसवॉश, सकाळी डागांसाठी अॅझेलेइक आम्लाचे जेल व त्यावर सनस्क्रीन, रात्री अडॅपलिन ०.१ टक्क्याचे जेल, आणि कोरडेपणासाठी सुगंध नसलेले मॉइश्चरायझर. पैकी सनस्क्रीनवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ते ‘वापरूनही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या बायकांपैकी मी एक होते.

माझ्या जुन्या सनस्क्रीनची पन्नास ग्रॅमची ट्यूब मला सात महिने पुरत असे, आणि काटकसर म्हणून मला त्याचा अभिमानही होता. त्या ट्यूबवर एसपीएफ ५० (म्हणजे ऊन अडवण्याचे माप) लिहिलेले असले तरी तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून मोजलेला असतो. आपण त्याच्या पाव ते निम्मे लावतो, आणि संरक्षणही त्या बेताने कोसळते. चेहरा आणि मान यांना लागणारी मात्रा म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्या टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर मी ती तोलली तेव्हा एक ग्रॅमच्या किंचित वर भरली. म्हणजे सकाळी एकदा आणि शाळा सुटताना एकदा लावायचे म्हटले तर पन्नास ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपायला हवी. माझी सात महिने चालत होती. सनस्क्रीनची मात्रा मला लागू पडत नव्हती याचे कारण ती मी कधी घेतच नव्हते.

एसपीएफचा आकडा किती मोठा असावा याची चिंता मात्र फारशी करू नये. योग्य जाडीने लावलेले ३०चे सनस्क्रीन शंभरातले सुमारे ९७ अतिनील बी किरण अडवते आणि ५०चे सुमारे ९८. वयाच्या खुणांसाठी त्याहून महत्त्वाचे चिन्ह म्हणजे ट्यूबवरच्या ‘पीए’ या अक्षरांपुढचे अधिक (+). जपानी उद्योगाने ठरवलेल्या या पद्धतीत जितकी अधिकची चिन्हे जास्त तितके अतिनील ए किरणांपासून संरक्षण जास्त, आणि चार ही त्यातली वरची पायरी. डाग किंवा वांग असेल तर त्वचेच्या रंगाचे, म्हणजे आयर्न ऑक्साइड मिसळलेले सनस्क्रीन घ्यावे असे बाईंनी निक्षून सांगितले, कारण सावळ्या त्वचेवरचा वांग साध्या दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनला तो अडवता येत नाही.

सनस्क्रीनने सुरकुत्या खरोखर लांबणीवर पडतात का, याला ऑस्ट्रेलियातल्या नांबूर या गावात झालेल्या प्रयोगाचे उत्तर आहे. १९९२ ते १९९६ या काळात तिथल्या पंचावन्नहून कमी वयाच्या नऊशे तीन लोकांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले. काहींनी रोज सनस्क्रीन लावायचे आणि बाकीच्यांनी आपल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी हातांच्या मागच्या त्वचेचे ठसे घेऊन पाहिले तेव्हा रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेचे वय वाढण्याचे प्रमाण २४ टक्क्यांनी कमी भरले. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते लोक गोरे आणि आपण सावळे, त्यामुळे त्यांच्याकडे सुरकुत्या आधी दिसतात आणि आपल्याकडे डाग आधी दिसतात, हे ध्यानात ठेवूनही माझ्या माहितीतला कोणत्याही फेशियलचा इतका भक्कम पुरावा नाही. आणि नांबूर विषुववृत्तापासून सव्वीस अंशांवर आहे, तर गोवा अवघ्या पंधरा-साडेपंधरा अंशांवर. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते.

आता दोष. माझ्या त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्याला तांबूस कड लावते आणि ती साध्या साबणाने जात नाही. एप्रिल-मेच्या घामात ते डोळ्यांत उतरून झोंबते. त्यावर उपाय म्हणून डोळ्यांभोवती मी कांडीच्या रूपातले घट्ट सनस्क्रीन फिरवते. दुसऱ्या वेळी लावताना घाम टिपून, पण तोंड न धुता लावावे लागते, आणि स्टाफरूममध्ये ‘टीचर मेकअप करते’ हे ऐकून घ्यावे लागते. खर्चाबाबतही प्रामाणिकपणे सांगायचे तर ही गोष्ट स्वस्त नाही. शाळेच्या दिवशी दोनदा आणि सुटीत एकदा अशा बेताने वर्षाला अकरा-बारा ट्यूब लागतात, म्हणजे साडेपाच-सहा हजार रुपये. पॅकेजच्या जवळपासच हा आकडा जातो. म्हणून मी छत्री बारा महिने वापरू लागले आहे. छत्रीला फक्त एकदाच पैसे पडतात. समुद्रकिनाऱ्यावर मात्र तिच्यावर विसंबू नये, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण खालून परत फेकतो. मुलांना मिरामारला घेऊन गेल्यावर छत्रीखाली राहूनही माझी हनुवटी कशी रापते, हे कोडे मला त्यातून उलगडले.

रात्रीचे जेल हा दुसरा आणि अधिक हट्टी भिडू. अडॅपलिन हे जीवनसत्त्व अच्या कुळातले औषध असून त्याचे जुने, अधिक तिखट भावंड म्हणजे ट्रेटिनॉइन. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरमांसाठी पुढे आणले, १९७१ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली, आणि वापरणाऱ्या प्रौढ बायका आपली त्वचा नितळ झाल्याचे सांगू लागल्यावर १९८६ मध्ये उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचे त्याचे काम प्रसिद्ध झाले. (तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे याच क्लिगमन यांचे नाव पुढे काळवंडले, ते कोणत्याही जेलने उजळणारे नाही.) सुरकुत्यांवर सर्वांत जास्त पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे, अडॅपलिनचा तितका नाही, पण ते सोसायला सौम्य पडते, आणि ब्लीचने दुखावलेल्या माझ्या गालांना बाईंनी तेच योग्य ठरवले. ही औषधे गरोदरपणात किंवा त्याची शक्यता असताना वापरत नाहीत. चाळिशीत आता तो प्रश्न उरला नाही असे परस्पर ठरवू नये.

पहिले दोन महिने या जेलने मला छळले. वाटाण्याएवढा थेंब संपूर्ण तोंडाला पुरतो, हे पटायलाच आठवडा गेला. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री लावायचे असताना मी उत्साहाने चार रात्री लावले आणि ऐन चतुर्थीला, घरात माणसे भरलेली असताना, माझ्या तोंडाच्या कडांची साल निघत होती. मावशींनी पुन्हा चौकशी केली. त्यानंतर मी आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर असा थर देऊ लागले आणि कोजागिरीपर्यंत त्वचा सरावली. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नये. ज्यांना तेवढा धीर नसेल त्यांनी हे आणूच नये, ट्यूब कपाटात वाळून जाईल.

या वयाचीच गडबड अशी आहे की एका वेळी दोन घड्याळे चालू असतात. तरुणपणापासून कोलेजन वर्षाला साधारण एक टक्का या संथ गतीने कमी होत आलेले असते, आणि मग रजोनिवृत्ती आली की इस्ट्रोजेन घटल्यामुळे पहिल्या पाचच वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलेजन जाते. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. पहिल्या घड्याळाचा हिशेब मला माहीत आहे आणि दुसऱ्याची चाहूल कोरड्या पडू लागलेल्या गालांवरून लागते. जे करायचे ते या मधल्या काळात करावे, असे बाईंचे म्हणणे होते, आणि ते सांगताना त्यांनी काही विकायला काढले नाही.

त्यांच्या क्लिनिकच्या बाहेरच्या काउंटरने मात्र काढले. मी पैसे भरायला उभी राहताच तिथल्या मुलीने पील, लेझर आणि ‘बेबी बोटॉक्स’ यांचे एकत्रित पॅकेज माझ्यापुढे सरकवले, ज्याच्या रकमेत आमच्या स्वयंपाकघराचा ओटा नव्याने झाला असता. बोटॉक्सने भुवयांमधल्या आठ्या जातात हे खरे आहे, आणि तीन-चार महिन्यांनी त्या परत येतात हेही खरे आहे. पण वर्गात आठ्या घालता न येणारी शिक्षिका काय कामाची! डॉक्टरांनी चिठ्ठीत न लिहिलेले काउंटरवर घ्यायचे नाही, एवढे एकच पथ्य मी तिथे पाळते. क्लिनिकला एरवी चांगले गुण देताना त्या काउंटरचा अर्धा गुण मी कापला आहे.

कपाटातल्या इतर गोष्टींविषयी थोडक्यात. व्हिटॅमिन सीचे सिरम ऐकून चांगले होते, पण ते हवा आणि उष्णतेने बिघडते, आणि आमच्या फोंड्याच्या दमट उकाड्यात बाटली दोन महिन्यांत चहाच्या रंगाची झाली. घ्यायचेच तर लहान बाटली घेऊन फ्रिजमध्ये ठेवावी. खोबरेल तेलाने माझ्या कपाळावर पुळ्या आल्या. भिरंडेल मात्र पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाले. भिरंडांच्या म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारे हे घट्ट तूप म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गोळ्यांच्या रूपाने मिळते, चाळीसेक अंशांना वितळते म्हणून बोटावर चोळल्याशिवाय पसरत नाही, आणि जेलने साल निघणाऱ्या ओठांच्या कडांवर रात्री त्याचा पुसटसा हात लावला की सकाळी तिथली आग थांबलेली असते. आजी ते टाचांच्या भेगांना लावत असे. ते सुरकुत्या घालवते असे तिने कधी म्हटले नव्हते, मीही म्हणत नाही.

सव्वा वर्षानंतर माझ्याकडे उत्तरेच्या खिडकीतले एकवीस फोटो आहेत. डोळ्यांच्या कडांच्या रेघा तशाच आहेत; बारीक नजरेने पाहिले तर किंचित उथळ झाल्या आहेत असे मला वाटते, नवऱ्याला वाटत नाही. पोत मात्र निश्चित बदलला, नाकाशेजारची रंध्रे पहिल्यासारखी डोळ्यांत भरत नाहीत. उजव्या गालावरचा पट्टा अंदाजे निम्म्याने फिका झाला, आणि मेच्या सुटीत आठ दिवस आळसाने सनस्क्रीन चुकवले तेव्हा तो पुन्हा डोके वर काढून गेला. अॅझेलेइक, अडॅपलिन आणि सनस्क्रीन एकाच वेळी चालू असल्यामुळे कोणाचे श्रेय किती हे मला वेगळे करता येणार नाही, परंतु ते आठ दिवस पाहता सर्वांत मोठा वाटा कोणाचा, याबद्दल मला शंका उरलेली नाही. पार्लरच्या पॅकेजला मी पाचांपैकी दीड गुण देते, आणि त्यातला एक पूर्ण गुण मसाजाचा आहे.

उरलेल्या दोन सिटिंगची मुदत या दिवाळीला संपते. मालकीणबाईंनी फोन करून आठवण दिली, तेव्हा मी त्यांना स्पष्ट विचारले की ब्लीच नको, स्क्रब नको, वाफ नको, डबी नको, फक्त मान, खांदे आणि कपाळ यांचा मसाज वीसऐवजी चाळीस मिनिटे मिळेल का. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मिळेल की टीचर, पण मग याला फेशियल कसे म्हणायचे?’ एक सिटिंग मी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घेणार आहे. दुसरे वहिनींना दिले आहे, याच अटींवर.